मागून धरलेला सूर

जीप देवळाच्या बोळात शिरेना, म्हणून ती मंडळी चिखलातून चालतच आली.

मी ओसरीवर पेटी उघडून बसले होते. पुराचं पाणी उतरून थोडेच दिवस झाले होते. आमच्या कुरुंदवाडला श्रावण म्हणजे घराघरांतून ओल, दारात वाळत घातलेली गोधडी आणि सगळ्यांची अंगं आंबलेली. माळ्यावर ठेवूनही पेटीला दमट हवा लागलीच होती. एक पट्टी दाबली की खालीच बसायची, ती मी सुरीच्या टोकानं उचलत होते.

"मथुराबाई निमकर इथंच राहतात का?"

विचारणारी मुलगी पोरसवदाच होती. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, बूट हातात. तिच्या मागं कॅमेऱ्याची पेटी डोक्यावर घेतलेले एक पिकल्या मिशांचे गृहस्थ, आणि त्यांच्याही मागं, भिंतीला धरून धरून येणारी एक जाडशी बाई. काळा चष्मा, मेंदीनं लाल झालेले केस, हातात देवासाठी घेतलेली केळी.

"मी त्यांची सून. तुम्ही?"

मुलगी काही बोलायच्या आत ती बाई ओसरीच्या पायरीवर मट्‌कन बसली आणि धापा टाकत म्हणाली, "सून व्हय? मग तुलाच ठावं असंल. आवाज कसा हाय आक्कांचा?"

आल्या आल्या माणूस तब्येत विचारतं. हिनं आवाज विचारला.

"बसलाय थोडा," मी म्हटलं. "कृष्णजन्माचा सप्ताह चाललाय. रोज कीर्तन आहे."

"बसला?" तिनं चष्मा काढला.

आणि मी तिला ओळखलं. लहानपणी माहेरी, जत्रेच्या तंबूत, आईच्या पदराआडून मी ते डोळे पाहिले होते. 'सूखी बावडी' नावाचा भुताचा सिनेमा. कोरड्या विहिरीतून पांढऱ्या साडीतली बाई वर येते, तोंड उघडते, आणि अशी किंकाळी मारते की आमच्या गावची कुत्री आठवडाभर त्या मैदानाकडं फिरकली नव्हती. तिचं नाव कामिनी. नुसतं कामिनी, पुढं-मागं काही नाही.

"तुम्ही त्या..."

"त्याच," ती दमून म्हणाली. "पण माजं नाव शालन. पाणी दे बघू."

बूट हातात घेतलेल्या मुलीचं नाव ऋजुता. ती कामिनीवर माहितीपट करत होती. तिनं मला पेटीशेजारी बसूनच सगळं सांगितलं. तो सिनेमा आता शहरांतून मुद्दाम लावतात म्हणे. तरुण पोरं येतात, विहिरीचा प्रसंग आला की सगळं थिएटर एका सुरात किंकाळी मारतं. कामिनीचा चेहरा छापलेले सदरे विकायला आहेत. आणि कामिनी सिनेमा सोडून गेली ती कुठं, हे सिनेमावाल्यांत कुणालाच ठाऊक नव्हतं. ऋजुतानं हुडकत हुडकत तिला इचलकरंजीत गाठलं. साड्यांना फॉल लावायचं काम करत होती.

"बोलायलाच तयार नव्हत्या," ऋजुता म्हणाली. "आणि मला तर त्यांची ती किंकाळी हवीय, आजची, या वयातली. तिच्याशिवाय माझा सिनेमाच नाही. शेवटी म्हणाल्या, काय असंल ते कुरुंदवाडला, मथुराबाईंच्या म्होरं. का, ते सांगत नाहीत."

माझ्या सासूबाई, म्हणजे आक्का, आत पडून होत्या. गळ्याला गरम फडकं गुंडाळलेलं. उभ्या पंचक्रोशीत बाईमाणसाचं कीर्तन म्हणजे आक्कांचं, अशी त्यांची ख्याती. पण सत्तरी ओलांडल्यावर सप्ताहातली कीर्तनं अंगावर येतात. सकाळपासून त्या खुणांनीच बोलत होत्या.

बाहेरची गडबड ऐकून त्या भिंत धरत आल्या. पायरीवरच्या बाईकडं त्यांनी टक लावून पाहिलं.

"शालन?"

"वळखलंसा?"

"अगं, तुझं तोंड मी जितकं निरखलंय, तितकं आरशात माझं नाही निरखलं."

ऋजुतानं झटक्यात कॅमेऱ्याच्या गृहस्थांना डोळ्यांनी खुणावलं. त्यांचं नाव पिंटो. आक्कांनी हात वर केला. "ते यंत्र बंद. आधी हातपाय धुवा. जेवल्याशिवाय आमच्याकडं कुणी काही बोलत नाही."

आमटीभात खाऊन ऋजुता आणि पिंटो ओसरीवरच आडवे झाले. कितीतरी रात्री जागल्यासारखी माणसं, भिंतीला डोकं टेकायचा अवकाश, घोरायला लागली. माजघरात आम्ही तिघी उरलो. मी उद्यासाठी डाळ निवडायला घेतली.

शालनबाईंनी लगेच विषय काढला.

"आक्का, आता सांगू द्या की."

"काय सांगू द्या?"

"ती किंकाळी माजी न्हवं म्हणून."

मी सूप बाजूला सारलं. आक्कांनी माझ्याकडं पाहिलं, मग गळ्याचं फडकं सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"ऐकलंस ना, कालिंदे? आता अर्धवट नको, सगळं ऐक. तुझे सासरे मुंबईत अंथरुणाला खिळले होते. शेजारच्या चाळीत एक साउंडचं काम करणारे राहायचे. गणपतीत माझं पूतनावधाचं कीर्तन ऐकलं त्यांनी. पूतना मरताना जी ओरडते, ते ऐकून घरी आले. म्हणाले, वहिनी, एक नवी पोर आहे, दिसते झकास, पण आवाज नाही."

"कॅमेऱ्याम्होरं मी बोंबलले व्हते की जीव तोडून," शालनबाई मला सांगू लागल्या. "पर डायरेक्टर म्हणला, हे भूत हाय का खुडूक कोंबडी?"

आक्का हसल्या आणि खोकल्या. "अंधारी खोली, समोर पडद्यावर हिचा चेहरा. हिचं तोंड उघडलं की मी पूतनेसारखी ओरडायची. मग दुसरा सिनेमा, तिसरा. घर चाललं, औषधं झाली. हे बरे झाल्यावर आम्ही इकडं आलो. संपलं."

तेव्हा मला एक गोष्ट उलगडली. दरवर्षी कृष्णजन्माच्या सप्ताहात आक्का जन्म सांगायच्या, लोणीचोरी सांगायच्या, कालियामर्दन सांगायच्या. पूतना कधीच नाही. लोक आग्रह करायचे. मीही एकदा विचारलं होतं. "मला जमत नाही," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

"तुमचं संपलं वो," शालनबाई म्हणाल्या. "माजं कुटं संपलं? बाजारात गेले, मारा की एकदा. लग्नात गेले, नवऱ्यामुलाचे दोस्त, मावशी एकदाच. येतच न्हाई तर काय मारू? म्हणून घराभाईर पडायचं सोडलं. आमचं मालक गेलं तवा दवाखान्यात मी रडाय तोंड उघडलं. शेजारच्या खाटंवरची बाई आपल्या लेकीला म्हणली, बघ आता कशी किंकाळी मारती. मी तोंड मिटलं. मालकांसाठीबी धड रडले न्हाई, आक्का." त्यांनी पदरानं मान पुसली. "दमले मी. ह्या पोरीच्या सिनेमात एकदा सांगून टाकते, तो आवाज मथुराबाईंचा. तुमची वस्तू तुमच्याकडं."

"नाही."

"का?"

"हे बघ. कीर्तनात बुवाचा दम सरला की मागचा माणूस सूर उचलतो. सभेला कळतसुद्धा नाही. उद्या त्या मागच्यानं पुढं येऊन सांगायचं का, की हा सूर माझा म्हणून? मी तुझ्यामागं उभी होते, एवढंच. मागच्याला नाव नसतं."

"मागचा सूर धरतो ते पुढच्याला दम घ्यायला," शालनबाई म्हणाल्या. "मला कुटं घेऊ दिलासा दम? उभा जल्म तुमचाच सूर चाललाय माज्या तोंडातनं."

मी पेटीवाली, म्हणजे मागचीच. मला दोघींचंही पटत होतं, म्हणून मी मान वर केली नाही.

आक्का बोलल्या, तेव्हा आवाज आणखी खाली गेला होता. "शालन, मी नारदाच्या गादीवर उभी राहते. देवळाचं बघणाऱ्या खांबेट्यांच्या आई माझ्यापेक्षा मोठ्या, त्या माझ्या पाया पडतात. मला नव्हे, गादीला. उद्या त्याच वाकताना मनात म्हणतील, ही ती भुताची ओरडणारी. मग गादीला कोण वाकणार? माझं नाव घ्यायचं नाही. शपथ आहे."

"बरं," शालनबाई म्हणाल्या. वाद घातला नाही. उठायला लागल्या, तर गुडघे उठू देईनात.

"निघालीस कुठं?"

"जाते. काय करू बसून?"

"इंदूवन्सं लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात. झांज धरायला कुणी नाही. तुला येते?"

"न यायला काय झालं? बाप भजनी मंडळात व्हता माजा."

"मग पाच वाजता ये देवळात. निजून घे तोवर."

पण त्या निजल्या नाहीत. मी डाळ निवडून उठले तेव्हाही छताकडं बघत पडल्या होत्या.

मुरलीधराचं देऊळ आमचं तसं लहान. गाभारा, पुढं लाकडी खांबांचा सभामंडप, खांबांवर पुराच्या पाण्याची रेघ. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं, आजचं आख्यान कालियामर्दन. पुढं आक्का, मागं डाव्या हाताला मी पेटी घेऊन, उजवीकडं तबल्यावर म्हादबा गुरव, आणि मधे, आक्कांच्या थेट पाठीशी, झांज घेतलेल्या शालनबाई. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. कुणी ओळखलं नाही. ऋजुता आणि पिंटो दाराशी, कॅमेरा पिशवीत, दोघंही जांभया आवरत.

आक्कांनी पूर्वरंग कसाबसा नेला. पूर्वरंग म्हणजे कीर्तनाचा पहिला भाग, एका वचनावरचं निरूपण. आवाज चिरकत होता, वाक्याच्या शेवटी विझत होता. मी वरचे सूर जरा भरून वाजवत होते, म्हादबा हात हलका ठेवत होता, आणि शालनबाई, खरं सांगते, झांज अशी धरत होत्या की आक्कांना पाय टेकायला जमीन मिळावी. आक्का धृपद अर्ध्यावर सोडायच्या, त्या मागून हळूच उचलायच्या. बारीकच आवाज, पण सुरात.

मध्यंतर झालं. खांबेट्यांनी आक्कांना बुक्का लावला, हार घातला. मी पद म्हणायला घेतलं तेवढ्यात आक्का वळल्या. शालनबाईंकडं पाहिलं. त्या मान खाली घालून, डोळे मिटून बसल्या होत्या. पेंगत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या, ओझं टेकवायला जागा न मिळालेल्या बाईसारख्या.

आक्कांनी दाराकडं तोंड केलं. "अगं ए मुली, काय ते तुझं नाव... लाव तुझं यंत्र."

सभा वळून बघायला लागली. पिंटोंनी घाईघाईनं पिशवी उघडली.

"फळ्यावर कालिया लिहिलंय," आक्का म्हणाल्या. "कालिया कुठं पळत नाही, उद्या बघू त्याला. आज पूतना सांगते."

बायकांच्या बाजूनं एकदम कुजबुज उठली. "अगं बाई, पूतना!" माझ्या शेजारी झांज एकदा उगाच वाजली.

मला त्याच क्षणी कळलं, त्या काय करणार ते. ऋजुताला नाव सांगायची त्यांना गरजच नव्हती. किंकाळी एकदा गादीवरून उठली की ज्यांनी सिनेमा पाहिलाय ते सगळे ओळखणार होते. खांबेट्यांसकट.

आणि त्या दमलेल्या गळ्यानं आक्कांनी पूतना उभी केली. गोकुळात येणारी सुंदर बाई. केसांत मोगरा, हातात कमळ. यशोदेनं विश्वासानं तिच्या हाती दिलेलं बाळ. "आली होती मारायला. पण मारायचं म्हणून का होईना, तिनं घेतलं कुठं? मांडीवर घेतलं. पदराखाली घेतलं. आणि बाळ प्यायला लागलं. आधी दूध, मग विष, मग प्राण. सोड म्हणते, तर सोडेना. आणि तेव्हा..."

आक्कांनी चिपळ्या खाली केल्या. छाती भरून श्वास घेतला. मान मागं गेली, तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या.

आवाज आलाच नाही.

नुसता वारा. फुटक्या भात्यातून निघतो तसा. त्यांचं तोंड उघडं, डोळे विस्फारलेले. मी पेटीवर हात दाबला, काहीतरी भरून काढायला, तर नेमकी तीच पट्टी खाली बसली.

आणि मागून किंकाळी उठली.

ती 'सूखी बावडी'तली नव्हती. ती किंकाळी वरून खाली कोसळायची. ही खालून वर आली, घोगरी, मधेच फाटलेली, मधेच हुंदक्यासारखी अडकून पुन्हा सुटलेली. गोठ्यातली गाय वासरू गेल्यावर हंबरते, तसं काहीतरी त्यात होतं. मंडपातली पारवी फडफडत उडाली. एक तान्हं रडायला लागलं. शालनबाईंचा पदर खांद्यावर आला होता, झांजा मांडीवर पडल्या होत्या, आणि त्या ओरडतच होत्या. आक्कांनी तोंड मिटलं नाही. मागचा आवाज संपेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या, तोंड उघडं ठेवून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना.

संपलं तेव्हा म्हादबा तबल्यावर हात ठेवून थिजून बसला होता.

मग आक्का कुजबुजल्या. खरोखर कुजबुजच होती ती, पण मागच्या भिंतीपर्यंत पोचली. "आणि देवानं काय केलं? वैरीण म्हणाला? नाही. म्हणाला, हिनं मला पाजलं. विष का असेना, पाजलं तर खरं. म्हणून आईला द्यायची ती जागा तिला दिली." एवढं बोलून त्यांनी आरतीला हात जोडले.

आरती झाल्यावर लोक रांगेनं पाया पडायला आले. खांबेट्यांच्या आई सगळ्यांत पुढं, काठी टेकत.

"आक्का, या वयात काय आवाज गं तुझा! अंगावर काटा आला."

"माझा नव्हता," आक्का कशाबशा म्हणाल्या. "मागून होता. ही शालन. सिनेमातली कामिनी म्हणतात ती. आणि सिनेमात ओरडायची ती मी."

म्हातारीनं वाकून शालनबाईंकडं पाहिलं, मग आक्कांकडं. मी पेटी सोडून पुढं झाले.

"म्हणजे तंबूत मला घाबरवलंस ती तू?" म्हातारी म्हणाली. "मेले, माझा पाय मुरगळला होता तेव्हा पळताना!" आणि काठी माझ्या हातात देऊन ती वाकली. आधी आक्कांपुढं. मग, माझ्या डोळ्यांदेखत, मागं बसलेल्या शालनबाईंपुढं.

"मला कशाला वो, आज्जी!" शालनबाई मागं सरकल्या. त्यांचाही आवाज आता बसला होता.

"गप बस. मागचं काय नि पुढचं काय. आवाज गादीवरनंच आला की."

ऋजुता देवळाबाहेर आक्कांना गाठून विचारत होती, "नेमकं ओरडलं कोण? फ्रेममध्ये तोंड तुमचं उघडं आहे!"

आक्का तिच्या कानाशी वाकल्या. "विहिरीतली किंकाळी माझी. आजची तिची. आता काय लिहायचं ते लिही."

तिनं तसंच लिहिलं. माहितीपट पुढं पुष्कळ ठिकाणी गेला. पुढच्या वर्षी गावातल्या काही घरांनी आक्कांच्या कीर्तनाला येणं सोडलं, आणि पूतना ऐकायला नृसिंहवाडीहून, शिरोळहून गाड्या भरून लोक आले. आता आक्काही नाहीत. लोक मला तो प्रसंग विचारतात, मी सांगते. पण मला स्वतःला आठवते ती दुसरी सकाळ.

ऊन चांगलं वर आलं होतं. ऋजुताला परत निघायचं होतं, त्याआधी शालनबाईंची मुलाखत हवी होती, उजेड हवा तसा पडला होता. ती तिसऱ्यांदा माजघराच्या दाराशी आली. दारात पाट आडवा टाकून आक्का बसलेल्या, गळ्याला फडकं, हातात ज्येष्ठमधाच्या पाण्याचा पेला. दुसरा पेला शेजारी झाकून ठेवलेला.

"अजून उठल्या नाहीत? आक्का, उठवू का?"

आक्कांचा आवाज पार गेला होता. त्यांनी नुसता हात आडवा केला.

आतून शालनबाईंचं घोरणं येत होतं. मोठं, बिनधास्त, मधेच घसरणारं. पिंटोंनी हळूच माइक पुढं केला, तर आक्कांनी डोळे वटारले. त्यांनी तो मुकाट्यानं मागं घेतला.

मग आक्कांनी दाराच्या चौकटीला पाठ टेकली, डोळे मिटले, आणि त्या घोरण्यावर हळूहळू मान डोलवू लागल्या.